बस्ता भगवंतरावांकडेच

नांदेड,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. एकनाथ यास पद्मावतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, चि. प्रणिताच्या लग्नाची तारीख ठरल्याचं तुझं पत्र पोचलं आणि मी ते शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदाच समजलं होतं, पण मला पुन्हा वाचायचं होतं. पोरीला पुण्याचा नवरा मिळाला, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणजे भांडण झालं तरी शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही, लेखी होईल. तू फोन करतो म्हणाला होतास. बाबा रे, फोन कानाला लावला की आत कुणीतरी चुरमुरे भाजतंय एवढंच मला ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते डब्यात ठेवून दिलंय. तेव्हा जे काय असेल ते टपालानं कळव.

आता मुद्द्याचं. बस्ता भगवंतरावांकडेच बांधायचा. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नाचं कापड सुलतान बाजारात त्यांच्याच गादीवर घेतलं गेलं. माझं, तुझं, विकासच्या वडिलांचं. दोन्हीकडची मंडळी गादीवर बसायची, घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं पहिलं वस्त्र उचलायचं आणि मग पुढची खरेदी. प्रणिताची आई असती तर तिनं हेच सांगितलं असतं. ती नाही, म्हणून दोघींच्या वाटचं मला सांगावं लागतं. पुण्याच्या मंडळींना नीट समजावून सांग. बस्ता दुसरीकडे बांधलात तर मी लग्नाला येणार नाही. ही धमकी नाही, ऐनवेळी पानं मांडताना घोटाळा नको म्हणून आधी कळवते.

गुडघ्याला एरंडेल चोळतोस ना? दूध हळद घालून घेत जा.

तुझी,
अक्का


जामबाग, हैदराबाद,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास एकनाथचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. एरंडेल चोळतो आहे. पुढचं कसं लिहावं याचा दोन दिवस विचार केला, शेवटी एकदम लिहून टाकतो. अक्का, भगवंतरावांचं दुकान बंद होऊन वर्षं लोटली. ते गेले, मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, जागा विकली गेली. मी तुला कळवलं आहे असंच मी धरून चाललो होतो. तिथे आता दातांचा दवाखाना आहे.

एक भगवंतरावच कशाला, आपल्या वेळचं तिथे काही राहिलेलं नाही. ते ट्रंकांचं दुकान आठवतं? ट्रंक मजबूत आहे हे पटवायला मालक गिऱ्हाइकाचं सगळ्यात जाड पोर वर उभं करायचा, आणि आपल्याकडून नेहमी माझीच निवड व्हायची. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, त्यांवर कुणाला उभं करत नाहीत. छत्र्यांचं दुकान गेलं. त्या मालकाला भिजायला आवडत नसे, म्हणून पावसाळाभर दुकान बंद असायचं आणि आपण उन्हाळ्यात छत्र्या घ्यायचो. घड्याळवाला गेला. त्याच्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची, आणि कुणी विचारलं तर तो म्हणायचा की तुम्हांला जी सोयीची वाटेल ती घेऊन जा. मी अजून ऑटोवाल्याला छत्रीवाल्यावरून डावीकडे घे म्हणून सांगतो. तो मला खाली उतरवतो.

भगवंतराव मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ते लोडावर डोकं टेकून सरळ झोपी जायचे, आणि भाव मनासारखा आला की आपसूक जागे व्हायचे. असा दुकानदार आता कुठून आणायचा? तेव्हा मी म्हणतो, आपण एखाद्या मॉलमध्ये जाऊ. गारवा आहे, बसायला खुर्च्या आहेत, वर जायला सरकता जिना आहे. तुला जिना आवडेल.

उत्तर लवकर दे. पुण्याहून विचारणा होते आहे.

तुझा,
एकनाथ


नांदेड,
दि. १६ नोव्हेंबर २०२४

चि. एकनाथ यास आशीर्वाद.

दुकान बंद पडलं, ठीक. जागा उठून ऑस्ट्रेलियाला गेली का? पुजारी वारला म्हणून कुणी देव दुसऱ्या गल्लीत नेत नाही. दवाखाना आहे तर असू दे, दातांचाच आहे, महारोग्यांचा नाही. माल बाजारातल्या कुठल्याही दुकानातून मागवा, माझं काही म्हणणं नाही, पण बसायचं भगवंतरावांच्या गादीच्या जागी.

मॉलचं मला सांगू नकोस. इथे नांदेडलाही एक निघालाय. साड्या तिथे आकड्यांना लटकवलेल्या असतात, फाशी दिल्यासारख्या. मी एकीचा पदर नीट केला तर एक मुलगी धावत आली आणि काही मदत करू का असं विचारू लागली. मदत तिला हवी होती.

डॉक्टरला जाऊन भेट. भिडस्तपणा करू नकोस. जाताना प्रणिताला घेऊन जा, तुझं बोलणं मध्येच कुठेतरी हरवतं.

तुझी,
अक्का


जामबाग, हैदराबाद,
दि. २२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझं लेटर बाबांनी वाचून दाखवलं, कारण तुझं अक्षर मला अजिबात लागत नाही. हे पत्र मी फोनला बोलून सांगितलं, त्यानं टाइप केलं, आणि ते बघून बघून मी हातानं लिहिते आहे. चुका असल्या तर फोनच्या.

आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर फरहत म्हणून आहेत, एकदम गोड बाई. बाबांनी त्यांना आधी उर्दूत सांगितलं, मग तेलुगूत, मग हातवारे करून. त्यांना वाटलं बाबांना वरचे सगळे दात काढायचे आहेत. मग मी बसून सगळं एक्सप्लेन केलं. त्यांनी हातातले ग्लोव्हज काढून ठेवले. मग म्हणाल्या की त्यांच्या अम्मीच्या शादीचे कपडे याच दुकानातले, हमारी अम्मी भी इधरीच बैठे होंगे, तो मैं नक्को कैसा बोलूँ. पण एक कंडिशन आहे. रविवारीसुद्धा पेशंट असतात आणि बाहेरचे लोक आत बसवले तर ते ओरडतात. म्हणून जो कोणी आत बसेल त्यानं पेशंट म्हणून यायचं, अपॉइंटमेंट घेऊन. एका दाताला अर्धा तास. बाबा लगेच बोटांवर दात मोजायला लागले.

अनिकेतच्या आईंना मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. वैशाली आंटी तशा खूप चांगल्या आहेत, पण त्यांनी आधी विचारलं की ही हैदराबादची पद्धत आहे का. मी हौ म्हटलं. मग त्यांनी विचारलं की बाबांची तब्येत बरी असते ना. अनिकेतनं घाईघाईनं कॉल म्यूट केला. त्याच्या पप्पांना मात्र आयडिया आवडली. प्रमोद अंकलची एक दाढ कधीपासून दुखते आहे आणि पुण्यात महाग पडतं म्हणे.

आत्या, मला साडी कुठली का असेना. मॉलमधली, दवाखान्यातली, पेट्रोल पंपावरची, काहीही चालेल. पण आई गेली तेव्हा माझी दहावी होती आणि तू येऊन वर्षभर राहिलीस, रोज माझी वेणी इतकी घट्ट घालायचीस की माझ्या भुवया वर जायच्या. तू नसशील तर मी मांडवात उभी राहणार नाही. हे मी अनिकेतलाही सांगून ठेवलंय. तो खूप परेशान आहे.

लव यू,
प्रणिता


जामबाग, हैदराबाद,
दि. २६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास कृ. सा. न. वि. वि.

रविवार, १५ डिसेंबर ठरवला आहे. पलीकडच्या गल्लीतला कापडवाला गठ्ठे घेऊन दवाखान्यात यायला तयार झाला. लग्नाच्या कपड्यांसाठी तो माणसांच्या घरी गेला आहे, एकदा दर्ग्यातही गेला आहे, दंतवैद्याकडे पहिल्यांदाच जातो आहे, पण गिऱ्हाईक जिथे बसेल तिथे माल असं त्याचं म्हणणं पडलं.

अडचण आहे ती दातांची. बस्ता म्हटलं की दिवस जातो. एका दाताला अर्धा तास, म्हणजे दिवसभराचे दात गोळा करणं आलं. त्यामुळे आमंत्रणं सध्या दातांवरून चालू आहेत. आपला चुलतभाऊ विकास, ज्याच्याशी वाटणी झाल्यापासून आपलं बोलणं नाही, त्याच्या चार दाढा किडल्या आहेत असं कानावर आलं. मी त्याच दुपारी सिकंदराबादला गेलो आणि त्याला घरचं कार्य आहे, मागचं विसर म्हणून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं प्रेमानं आलं, पण दाढ ठणकत होती.

उलट शेजारचे हिम्मतराव रुसून बसले आहेत. त्यांचे सगळे दात कवळीचे. त्यांना बोलावता येत नाही, आणि ते गल्लीत सांगत सुटले आहेत की दात गेले तसा मानही गेला. कवळी धुऊन घेण्याची अपॉइंटमेंट मिळते का हे मी विचारून येणार आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. वैशालीबाईंचा निरोप आला की आमच्याकडच्या सगळ्यांचे दात उत्तम आहेत. त्या रागावलेल्या नाहीत, पण त्यांना हे चमत्कारिक वाटतं, आणि वाटणारच. त्यांनी प्रणिताला सरळ विचारलं की त्याच जागेचा एवढा हट्ट कशासाठी. प्रणितानं मला विचारलं. इतकी वर्षं गादी, गादी ऐकतो आहे, पण मला वाटायचं कापडच चांगलं असायचं म्हणून. अक्का, मी दात गोळा करीन, गरज पडली तर माझे निरोगी दात काढून घेईन, पण मला एकदा कारण सांग.

तुझा,
एकनाथ


नांदेड,
दि. १ डिसेंबर २०२४

चि. एकनाथ यास आशीर्वाद.

कारण विचारलंस, सांगते. वाच आणि पत्र जपून ठेवू नकोस.

तुझ्या बस्त्याच्या दिवशी आपण सगळे भगवंतरावांच्या पायरीशी चपला काढत होतो. तेव्हा हे जाऊन मला पुष्कळ वर्षं झाली होती. काकू मला म्हणाली की पद्मा, तू इथेच पायरीवर बस, बाजारात चपला जातात. चपला काही जात नव्हत्या. विधवेनं लग्नाच्या कपड्यांना हात लावू नये, एवढंच तिला म्हणायचं होतं आणि तेवढंच तिनं म्हटलं नाही. मी बसले. तुला मी मांडीवर वाढवलं, आई गेल्यापासून तुझं नाक पुसलं, आणि तुझ्या बस्त्याला मी चपला राखत बसले. तू तेव्हा कोपऱ्यावर पान खायला गेला होतास.

आत भाव ठरला, पण भगवंतराव झोपले ते उठेनात. काकानं दोन रुपये चढवले, तरी उठेनात. शेवटी एक डोळा उघडून त्यांनी विचारलं की ह्या मुलाला वाढवलं कुणी. कुणीतरी पायरीकडे बोट दाखवलं. त्यावर ते म्हणाले की ती बाई गादीवर येऊन बसेपर्यंत गठ्ठा सुटायचा नाही, आणि डोळा मिटून घेतला. काकू घरी निघाली. ते डोळे मिटूनच म्हणाले की रिक्षा समोरच उभी आहे. मग मी आत गेले. त्यांनी पहिली साडी माझ्या हातांत दिली आणि दुकानभर लोकांसमोर म्हणाले की बाई, रंग बघून घ्या, नंतर तक्रार नको. त्यांच्याकडची पुढची साडी मी घेतली तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तो भाग वेगळा.

आता तसलं कुणी बोलत नाही हे मला माहीत आहे. आता म्हणतात की अक्का, तुम्ही दमाल, इथे निवांत खुर्चीवर बसा. ती खुर्ची दाराजवळ असते. मी दाराजवळच्या खूप खुर्च्यांवर बसले आहे, एकनाथ. प्रणिताच्या वेळी मला तसं बसवत नाही, त्यापेक्षा मी घरी बरी. त्या एका जागेवर मला माणसात धरलं होतं, म्हणून तीच जागा.

हे कुणाला सांगू नकोस. प्रणितालाही नाही, पुण्याला तर मुळीच नाही. सांगून मिळालेला मान मला नको.

अक्का


जामबाग, हैदराबाद,
दि. ५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचलं. त्या दिवशी खाल्लेल्या पानाचा आता विचारही करवत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

चौदाला, शनिवारी, तुला घ्यायला काचीगुडा स्टेशनवर येतो. पुण्याची मंडळी नामपल्लीला उतरतील. प्रमोदरावांनी मंडळींना कसं तयार केलं ते ठाऊक नाही, पण सगळे येत आहेत. वैशालीबाईंनी तपासणीची वेळ घेतली आहे, आपले दात उत्तम आहेत हे सिद्ध करण्यासाठी. हिम्मतरावांच्या कवळीलाही वेळ मिळाली.

तू ये, म्हणजे झालं.

तुझा,
एकनाथ


नांदेड,
दि. १९ डिसेंबर २०२४

चि. एकनाथ यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. शेजारणीला सगळं सांगितलं, तिचा विश्वास बसत नाही. तुझाही बसणार नाही, कारण तू तिथे असून नव्हतास. स्वतःच्या बस्त्याला पान खायला गेलास आणि पोरीच्या बस्त्याला आतल्या खोलीत दात घासून घेत पडलास. म्हणून लिहिते.

जागा मी लगेच ओळखली. गादी होती तिथेच ती झोपायची खुर्ची आहे. पिकदाणी तर जागची हललेलीसुद्धा नाही, आता त्यात लोक चूळ थुंकतात एवढंच. कापडवाल्यानं खुर्चीच्या पायाशी पांढरी चादर अंथरली. वाट बघणारे पेशंट आधी कुरकुरले, मग एकेक करून चादरीशी सरकले. एका तेलुगू बाईचा गाल एवढा सुजलेला, बोलता येत नव्हतं, तरी तिनं पोपटी साडी नुसत्या डोळ्यांनी नापास केली. भगवंतराव रंग दाखवायला साडी रस्त्यावरच्या उजेडात न्यायचे. डॉक्टरीणबाईंनी तो डोक्यावरचा दिवाच साडीवर फिरवला. त्यात एकीचा निसटलेला धागा असा दिसला की कापडवाला घाबरून पुढच्या साड्या उलट्या धरायला लागला. विकासची दाढ काढल्यामुळे त्याला वाटणीचा विषय काढता आला नाही, हे फार बरं झालं.

आता मुख्य सांगते. मी आत गेल्यावर कुठे बसले असेन? दाराजवळ, पाण्याच्या त्या उलट्या बाटलीपाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कुणी बसवलं नाही. माझे पायच तिकडे गेले. मला स्वतःचाच राग आला, पण आता उठून पुढे जाणं बरं दिसेना.

वैशालीबाई त्या मोठ्या खुर्चीत होत्या. उत्तम दातांत एक दाढ पार सडकी निघाली, डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली आणि त्यांचा अर्धा चेहरा झोपी गेला. तेवढ्यात कापडवाल्यानं नारळ ठेवून गठ्ठा सोडला. पहिली साडी कुणी उचलायची म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या जाऊबाई पदर सावरून उठण्याच्या बेतात होत्या. आणि वैशालीबाईंनी माझ्याकडे हात केला, एकनाथ. एक नव्हे, दोन्ही हात. बोट माझ्याकडे दाखवलं, मग जवळ ये, जवळ ये अशी खूण केली. तोंडातून लाळ गळत होती, तरी थांबल्या नाहीत. इतक्या लोकांत त्यांनी मला बोलावलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी उठले, चादरीवर बसले आणि डाळिंबी गडवाल साडी उचलली. मग प्रणिता माझ्या गळ्यात पडली, तेव्हा तू तोंडाला फेस घेऊन बाहेर आलास.

अशी बाई पोरीला सासू मिळाली, आता मला कसली चिंता नाही.

तुझी,
अक्का


जामबाग, हैदराबाद,
दि. २४ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मीही डोळे पुसले. मग काल प्रमोदरावांचा फोन आला, तर दोघं मिळून पोट धरून हसलो. ते म्हणाले की वैशालीबाईंना सुई टोचल्यावर घशाला कोरड पडली होती, त्या जिवाच्या आकांतानं बाटलीकडे हात करून पाणी मागत होत्या आणि शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. गमतीचा बस्ता झाला खरा.

डॉक्टर फरहतच्या दवाखान्यात दोन बायका साड्या बघायला येऊन गेल्या म्हणे. त्यांना आधी दात दाखवावा लागला.

तुझा,
एकनाथ


नांदेड,
दि. ३० डिसेंबर २०२४

सौ. वैशालीबाई यांस पद्मावतीचा नमस्कार वि. वि.

तुमची दाढ आता बरी असेल. लवंग धरू नका, आग होते.

मला फिरवून बोलता येत नाही म्हणून सरळ विचारते. त्या दिवशी तुम्ही हात केलेत ते मला बोलावलंत की पाणी मागितलंत? मी दाराजवळ बसले होते आणि पाणीही दाराजवळ होतं. मला ऐकू येत नाही आणि तुम्हांला बोलता येत नव्हतं, तेव्हा दोघींत जे काही झालं ते मीच ठरवलं. एकनाथनं पाण्याचं लिहिलं. तो वेडा आहे, त्याला हसू आलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझं नशीब तुम्हांला ठाऊक आहे. पहिलं वस्त्र माझ्या हातून उचललं जावं हे तुमच्याकडे चालत नसेल. मी न मागता, न विचारता सगळ्यांपुढे येऊन बसले असेन तर तो आगाऊपणा झाला, आणि त्याची टोचणी पोरीच्या संसाराला नको. तसं असेल तर स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही. साडी बदलून दुसरी घ्या. मी लग्नाला येईन, कारण पोरीला शब्द दिलाय, पण मागे बसेन. मला मागे बसायची सवय आहे.

खोटं मात्र लिहू नका. माझ्या वयाला खोटं लगेच कळतं.

आपली,
पद्मावती


पुणे,
दि. ५ जानेवारी २०२५

ती. अक्कास वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

पुष्कळ वर्षांनी हातानं पत्र लिहिते आहे. मायन्यात तुमच्या नावाआधी सौ.च्या जागी जे दोन अक्षरांचं लावायची रीत आहे ते लिहिलं आणि खोडलं. गिचमिड झाली आहे, ती वाचायचा प्रयत्न करू नका.

तुम्ही खरं मागितलंत, तर खरं हे की मी पाणीच मागत होते. अक्का, माझा घसा असा सुकला होता की मला त्या क्षणी मुलाचं लग्न आहे हेही आठवत नव्हतं. तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हा मला वाटलं, देवासारखी बाई, हिला कळलं. आणि तुम्ही पाण्यावरून पुढे आलात आणि चादरीवर बसलात. मनात म्हटलं, ही बाई बहिरी आहे की दुष्ट आहे.

आणखीही खरं सांगते. नामपल्लीला येताना गाडीत आमचं ठरलं होतं की पहिली साडी माझ्या जाऊबाईंनी उचलायची. तुम्हांला आम्ही एक चांगली खुर्ची देणार होतो. तुम्ही दमाल म्हणून, असं म्हणणार होतो. मला बोलता येत असतं तर मी हे अगदी गोड आवाजात म्हटलं असतं, आणि तुम्ही हसून बसला असतात.

पण तुम्ही ती डाळिंबी साडी उचललीत आणि माझ्याकडे बघितलंत. माझ्याकडे आजवर कुणी तसं बघितलेलं नाही, अनिकेतनंसुद्धा नाही. एवढ्यात नर्सनं पेला आणला होता, तुमच्या लक्षात आलं नसेल. मी तो हातानं बाजूला केला. घसा जळत होता, तरी तुमची नजर खाली जाईपर्यंत मला काही घ्यावंसं वाटेना. ह्यांना तेवढं दिसलं नाही, म्हणून ते पाणी पाणी करून हसत बसले. साडी बदलायची नाही. तिची घडी मी कपाटात सगळ्यात वर ठेवली आहे.

आता माझं मागणं. आमच्याकडे आधी मुलाला हळद लागते आणि तीच उष्टी हळद मग मुलीकडे जाते. अनिकेतला पहिली हळद तुम्ही लावायची. जाऊबाईंना मी सांगितलं आहे. त्या म्हणाल्या की दुसरं बोट माझं. तुम्ही नेहमीप्रमाणे जाऊन दाराशी बसाल हे मला माहीत आहे, खुशाल बसा. मी या वेळी हात करणार नाही. माझी दाढ बरी झाली आहे. तुम्हांला नावानं हाक मारीन, आणि इतक्या मोठ्यानं मारीन की मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल आणि तुम्हांलाही.

लोभ लागलाच आहे, तो मोडू देऊ नका.

तुमची,
वैशाली